शिक्का नसलेलं पत्र

दिवाळी अंकासाठी संपावर लिहाल का, असं विचारणारा फोन आला तेव्हा मी बदलापूर लोकलमध्ये उभी होते आणि कुणाच्या तरी डब्याची पिशवी माझ्या पाठीत रुतत होती. नीट ऐकूही आलं नव्हतं, तरी 'हो' म्हणून टाकलं. संप म्हणजे गिरणी संप. आमच्या वयाच्या लालबाग-परळच्या माणसाला संप म्हटल्यावर कुठला, हे विचारावं लागत नाही. दीड हजार शब्द, दीड महिन्याची मुदत. प्रत्यक्षात चौदा महिने गेले. तो अंक निघाला, वाचला गेला, एव्हाना रद्दीतही गेला असेल.

मी लेखिका नाही. एका सहकारी बँकेत आधी कॅशियर होते, मग अधिकारी झाले. संध्याकाळी आकडे जुळले नाहीत तर घरी जाता येत नाही, एवढीच शिस्त मला ठाऊक. अधूनमधून पुरवणीत काही छापून आलं होतं, पावसावर, शेंगदाण्याच्या चटणीवर, असलं. त्यामुळे आपल्याला आठवणी लिहिता येतात असा माझा गोड समज होता. आणि संपाची गोष्ट तर मी वर्षानुवर्षं सांगत आले होते. बँकेत सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, मुलीच्या मैत्रिणींना सांगितली. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा हेही बसलेलं. गोष्ट तयार होती, फक्त कागदावर उतरवायची होती.

पहिला खर्डा दोन रविवारांत झाला. १८ जानेवारी १९८२ला अडीच लाख कामगार संपावर गेले, इथून सुरुवात. मग १९८१च्या दिवाळीचा बोनस, त्यावरून कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या दारात जाऊन उभे राहिलेले कामगार, १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आणि त्यामुळे राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकट्या संघटनेलाच असलेली मान्यता. संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, तो नुसता विरत गेला, हे. १६ जानेवारी १९९७ला सामंतांचा खून झाला, हेही. सगळं खरं, सगळं तपासलेलं. माझे बाबा तिसऱ्या पानावर यायचे आणि तेही 'माझे वडील त्यांपैकीच एक' एवढेच. साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, हेसुद्धा लिहायचं राहून गेलं होतं.

संपादकांनी खर्डा परत पाठवला. सोबत एकच ओळ होती: हे ग्रंथालयात मिळतं, तुमच्या खोलीतलं काही आहे का?

मला राग आला. मग मी खोलीतलं लिहिलं, आणि असं लिहिलं की वाचणाऱ्याने रुमाल काढावा. हा दुसरा खर्डा माझ्याकडे अजून आहे, मुद्दाम ठेवलाय. त्यात 'अश्रू' सात वेळा आणि 'हुंदका' चार वेळा आहे (मोजायची सवय). आई त्यात बोलतच नाही, नुसती चुलीच्या उजेडात बसलेली असते. खरं तर आमच्याकडे रॉकेलचा स्टोव्ह होता. संपफोड्यांवर एक झणझणीत परिच्छेद आहे, 'ज्यांनी चार दमड्यांसाठी कणा विकला' वगैरे. आणि मधोमध माझा हुकमी प्रसंग, जो मी पंगतीत सांगायचे: संप लांबल्यावर बाबा गावाला, पाटण तालुक्यात, शेतीवर गेले. तेव्हा हजारो जण तसे गेलेच होते. दिवाळीच्या तोंडावर त्यांचं पत्र आलं, निळं आंतरदेशीय. शेजारच्या काकूंनी ते गॅलरीत उभं राहून खणखणीत आवाजात वाचलं. भात कापणीला आलंय, दिवाळीला येणं जमणार नाही, पोरांना जपा, कपिलेला पाडी झाली. काकूंच्या खोलीत रेडिओ खरखरत होता. कपिलेला पाडी झाली, हे ऐकून सगळी गॅलरी हसली आणि आई आत निघून गेली.

हा प्रसंग मी कितीदा सांगितला असेल! ऐकणारी माणसं हमखास गप्प व्हायची.

दुसरा खर्डा मी स्वतःच परत वाचला आणि कुठेही पाठवला नाही. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. दुसऱ्याच्या सुतकात जाऊन आपणच मोठ्याने रडावं, तसं काहीसं वाटलं.

मग ओळखीच्या एकीने सल्ला दिला, 'मी' सोड, 'ती' म्हणून लिही, लांबून बघता येतं. हे नवीन नाही. दया पवारांनी १९७८ साली 'बलुतं' या आत्मकथनात हेच केलंय. सांगणारा दगडू मारुती पवार आणि ऐकणारा दया पवार, माणूस एकच. मी 'ती' करून पाहिलं. पण दगडू व्हायला लागतो तो प्रामाणिकपणा सर्वनाम बदलून येत नाही. माझी 'ती' फारच शहाणी निघाली. दहा वर्षांची पोर स्टोव्हला पिन मारता मारता भांडवलदारांच्या डावपेचांचा विचार करत होती. आठ पानांनंतर मीच तिला गप्प केलं.

या सगळ्यात चार महिने गेले होते. पहाटे पाचला उठून, गॅसवर चहा ठेवून, तो उतू जाईपर्यंत जे होईल तेवढं लिहायचं. उरलेलं फोनवर, कर्जत लाइनच्या गर्दीत, एका अंगठ्याने. आणि रोज लिहून झाल्यावर वाईट वाटायचं. दिवसभर चिडचिड, काउंटरवर लोकांशी तुटक बोलणं, एकदा तर नोटांचं बंडल दोनदा मोजूनही चुकलं. 'लिही, मोकळं वाटेल' असं सांगणाऱ्या सगळ्यांचा मला संताप यायला लागला. त्या काळात कुठूनतरी एका प्रयोगाबद्दल वाचलं. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी कॉलेजच्या मुलांना ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात जड प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. निष्कर्ष १९८६ साली छापून आले. लिहून झाल्या झाल्या ती मुलं जास्त उदास झालेली होती. पुढच्या महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. लोक यातलं दुसरं तेवढं सांगतात आणि पहिलं गाळतात. मला त्या पहिल्यानेच धीर आला. म्हणजे चिडचिड होते ती होतेच, माझं काही बिघडलेलं नाही.

पुढचा टप्पा मात्र मला कुणी सुचवला नाही, तो कंटाळ्यातून निघाला. एका रविवारी काही सुचेना म्हणून मी वहीच्या आडव्या पानावर आमची खोली काढली. दहा बाय बारा. दार, दाराशेजारी मोरी, मोरीवर फळी, फळीवर पितळेचा हंडा. हंड्याच्या जागी फुली मारली, कारण तो संपाच्या चौथ्या महिन्यात मोडीत गेला. खाट, खाटेखाली ट्रंक. दादाची झोपायची जागा गॅलरीत, बाबांची पण गॅलरीत, माझी आणि आईची आत. आई ज्या खानावळवालीकडे पोळ्या लाटायला जायची तिची परात आमच्याकडेच असायची, ती भिंतीला टेकवून. गिरणगावातल्या खानावळी म्हणजे बायकांनी घरच्या खोलीत चालवलेला धंदा. याच बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पण जेवणारे गडी संपात गावाला गेल्यावर खानावळीही थंडावल्या. आईच्या पोळ्या दिवसाला दीडशेवरून चाळीसवर आल्या आणि मग परात परत गेली. हे सगळं मला शब्दांनी आठवत नव्हतं. पेन्सिलीने काढल्यावर आठवलं, परातीच्या जागेपाशी हात थांबला तेव्हा.

आणि हात खाटेखाली थांबला. ट्रंक.

हिरवी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात बाबांचं नाव आणि 'मु. पो.' रंगवलेलं. ती घरात एकच. गावाला जाणारा माणूस ट्रंक घेऊन जायचा, दुसऱ्या कशात कपडे न्यायची पद्धतच नव्हती. आणि त्या दिवाळीत माझा गेल्या वर्षीचा फ्रॉक आईने त्याच ट्रंकेतून काढून, शिवण उसवून, लांब करून दिला होता. हे मला नक्की आठवत होतं, कारण उसवलेल्या जागी जुना रंग गडद दिसायचा आणि मी ती जागा दिवसभर हाताने झाकत होते. मग बाबा गावाला काय घेऊन गेले?

बँकेत याला फरक म्हणतात. फरक पाच रुपयांचा असला तरी शोधायचा, कारण पाच रुपयांमागे कधीकधी पाच हजार असतात.

मी आधी तारखा लावायला घेतल्या. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात दोन शनिवार बसून १९८२ची वर्तमानपत्रं चाळली. माझ्या आठवणीत लालबागला लष्कराचे जवान उभे होते तेव्हा बाबा गावाला होते आणि आम्ही तिघंच घरात दार लावून बसलो होतो. मुंबईच्या पोलिसांचं बंड १८ ऑगस्टचं. लष्कर आलं, संचारबंदी लागली, चार दिवसांनी गणपती बसले. पण त्या गणपतीत बाबा घरात होते. आरतीला झांज त्यांच्या हातात होती, मंडळाच्या फोटोत ते दिसतात, तो फोटो दादाकडे आहे. म्हणजे मी दोन वेगवेगळ्या भीती एका दिवसात बसवल्या होत्या. जुनी वर्तमानपत्रं वाचताना दुसरंही एक कळलं. तेव्हा मोठ्या वाटलेल्या कितीतरी गोष्टींना आतल्या पानावर दोन इंच जागा मिळालेली होती.

दादा कल्याणला असतो. त्याच्याकडे 'म्हाडाची फाइल' आहे. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज करायचा तर १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर माणूस गिरणीच्या पटावर होता, हे दाखवावं लागतं. मग घराघरांतून कागद निघाले. तिकीट नंबर, लाल पास, ईएसआयसीचं कार्ड, भविष्य निर्वाह निधीच्या स्लिपा. आमचा अर्ज गेला, २०१२च्या सोडतीत नंबर लागला नाही, नंतरही नाही. फाइल मात्र दादा देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवतो. मी म्हटलं, लेखासाठी बाबांचा तिकीट नंबर हवाय. तो दुकानात होता. वहिनीने फाइल काढून दिली.

तिकीट नंबर मिळाला. त्याच्या मागे १९८२-८३ या वर्षाची फंडाची स्लिप. संपावरच्या माणसाला पगार नाही, पगार नाही तर वर्गणी नाही. त्या रकान्यात शून्य असायला हवं होतं. शून्य नव्हतं. मी वहिनीकडून पेन मागून घेतलं आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहिलं. ढोबळमानाने साडेपाच महिन्यांची वर्गणी. वर्ष मार्चला संपतं असं धरून मागे मोजलं की ऑक्टोबर येतो.

स्लिपांच्या खाली निळं आंतरदेशीय होतं. कपिलेला पाडी झाली, ते. अक्षर माझं होतं. चौथीतलं, काना मोठा, रेघ सोडून चढावर गेलेलं. उलटून पाहिलं. पत्ता आमच्या खोलीचा, तोही माझ्याच अक्षरात, आणि तिकिटाच्या जागी पोस्टाचा शिक्का नव्हता. पत्र कधी पेटीत पडलंच नव्हतं.

वहिनीने चहा आणून ठेवला. मी तो प्यायले असेन.

दादा आला, माझ्या मांडीवरची फाइल बघितली आणि चपला काढता काढता म्हणाला, "कळलं का एकदाचं?" त्याला सगळं माहीत होतं. बाबा गावाला गेलेच नव्हते. ते गिरणीत होते, आत. जे कामावर गेले त्यांना बाहेर मार खायची, तोंडाला काळं फासून घ्यायची भीती. त्यामुळे काही जण आतच राहायचे, आतच झोपायचे. दादा तेव्हा चौदा वर्षांचा. आठवड्यातून एकदा वहीखाली धुतलेले कपडे लपवून, शिकवणीला जातो म्हणून निघायचा आणि मागच्या फाटकाशी देऊन यायचा. "तू झोपलेली असायचीस," तो म्हणाला. मला ते वाक्य लागलं, का ते तेव्हा कळलं नाही.

मग तो तापला. हे छापायचं नाही. बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, आता त्यांना संपफोड्या म्हणवून घ्यायचं? घर अजून लागायचंय. मी म्हटलं, नियम फक्त पटावर असण्याचा आहे, आत गेला की बाहेर राहिला याला काही अर्थ नाही. तो म्हणाला, "अर्जाला नसेल. ज्यांच्यासोबत मोर्चाला जातो त्यांना आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्याचे शाळेतले मित्र, अर्जांसाठी खेटे घालताना भेटलेली माणसं, यातल्या कितीतरी जणांचे वडील शेवटपर्यंत बाहेर राहिले आणि त्यांना पुन्हा कधी कुणी कामावर घेतलं नाही.

दोन महिने मी काही लिहिलं नाही. लिहिलेलं सगळं खोटं झालं होतं अशातला भाग नाही. पितळेचा हंडा खरा होता, परात खरी होती. पण कणा विकल्याचं ते वाक्य माझं होतं आणि बाबा त्या वाक्यात राहत होते. ते खोडायचं म्हटलं तर मी आधी तसं मानत होते ही गोष्टही खोडली जाणार. आणि ठेवायचं कसं? याहून जास्त सतावत होतं ते वेगळंच. मला माहीत होतं का?

आई माझ्याकडेच असते. वय पंच्याऐंशीच्या घरात, कान तल्लख, डोळ्यांना मोतीबिंदू. एका दुपारी ती तांदूळ निवडत होती, म्हणजे न दिसता नुसती बोटं फिरवत होती. मी शेजारी बसून खर्डा मोठ्याने वाचायला सुरुवात केली. लेख म्हणून नाही, गोष्ट म्हणून. तिने पहिल्याच पानावर अडवलं. "बटाट्याचा रस्सा न्हवता. बटाटा परवडत हुता व्हय? डाळीचं पानी हुतं त्ये." मी खोडलं. हंड्याचे पैसे मी लिहिले त्याहून कमी आले होते, तेही सांगितलं. नवऱ्याने संप केला म्हणून रडणारी आई तिला बिलकूल आवडली नाही. "मी कवा रडले? येळ कुठं हुता?"

पत्राचा प्रसंग आला तशी तिची बोटं थांबली.

मी विचारलं, पत्र मी लिहिलं ना?

"तूच लिवलंस. मी सांगितलं, तू लिवलंस. मी म्हनलं, बाबांचा निरोप आलाय गावाकडनं, त्येंला लिवायला सवड न्हाई, तू लिव. गॅलरीत समदी इचारत हुती, पत्र कसं न्हाई आलं, पत्र कसं न्हाई आलं."

म्हणजे मला खरंच वाटलं होतं. बाबा गावाला आहेत, निरोप आलाय, मी फक्त लेखनिक. मला एकदम हलकं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "कापनीचं मी सांगितलं. गाय तू घातलीस. आपल्याकडं गाय कुठं हुती?"

कपिला नव्हतीच. गावाला आमच्या वाट्याला गोठाच नव्हता, होती ती चुलत्यांची एक म्हैस. निरोप खरा आहे असं समजणारी मुलगी त्यात स्वतःच्या मनाची गाय कशाला घालेल? पत्र पटावं म्हणून मी ती घातली असेल, तर पत्र पटवायला लागणार आहे, हे मला कळलेलं होतं. की दहा वर्षांची पोरं कशातही गाय घालतात? मी हे चारही बाजूंनी लिहून पाहिलं. 'मला माहीत होतं' असं लिहिलं की वाक्य धीट दिसतं, वाचणाऱ्याला आवडतं, पण मी ते शपथेवर सांगू शकत नाही. 'मला माहीत नव्हतं' लिहिलं की गाय समोर येऊन उभी राहते. या लेखात सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो या दोन वाक्यांनी. शेवटी मी दोन्ही काढून टाकली आणि फक्त लिहिलं की कापणीचं आईने सांगितलं, गाय मी घातली, आणि आमच्याकडे गाय नव्हती.

आई पुढे जे बोलली ते माझ्या डोक्यातही नव्हतं. "त्ये कुठं जात हुतं. म्या धाडलं. परात गेली तवा म्हनलं, आता जावा. दोन दिस जेवलं न्हाईत. मंग गेलं." आणि थोड्या वेळाने, पुन्हा बोटं फिरवत: "छापायचं तर माजं नाव घाल. त्येंचं नको."

मी दादाला फोन करून हे सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "कपड्यांचं लिहू नकोस. ते माझं आहे." लेखात मी ते लिहिलं नाही. इथे लिहिलंय ते त्याला वाचून दाखवून, त्याने दोन शब्द बदलून दिल्यावर.

एक माणूस मात्र राहिला होता. शेजारच्या काकू. आईला मी सहज म्हटलं, बरं झालं काकूंनी पत्र उलटून नाही पाहिलं. आई हसली. "तिला तवाच कळलं. शिक्का न्हवता न्हवं. पयल्यांदा उलटून बगितलं, माज्याकडं बगितलं, आन मंग गॅलरीत जाऊन वाचाया लागली. मोट्यानं."

काकूंचे यजमान संपात शेवटपर्यंत बाहेर राहिलेल्यांपैकी. कामावर कधीच परत घेतले गेले नाहीत, खोली विकून ती माणसं निघून गेली. आमच्या घरात पगार येतोय हे काकूंना ऑक्टोबरपासून ठाऊक होतं आणि त्यांच्या घरात तो येत नव्हता. एका शब्दाने त्या आमची खिडकी फोडून घेऊ शकल्या असत्या. माझ्या गोष्टीत मात्र त्या चाळीस वर्षं नुसत्या मोठ्या आवाजाच्या शेजारीण होत्या, पत्र वाचण्यापुरत्या यायच्या.

लेख तिथून पुन्हा सुरू झाला. आधी तो बाबांचा होता, मग माझा झाला होता. आता तो निम्मा काकूंचा झाला. भाषाही बदलली. अडीच लाखांचा आकडा एका वाक्यापुरता राहिला. अश्रू एकदाही नाहीत. संपफोड्यांवरचं वाक्य मी ठेवलं, 'हे मी गेल्या वर्षी लिहिलं होतं' असं म्हणून, आणि त्याच्या खाली फंडाच्या स्लिपेचा आकडा. चाळीचं नाव काढलं, मजला काढला, गिरणीचं नाव काढलं. काकूंना मावशी करून पलीकडच्या चाळीत नेऊन बघितलं, पण तसं केलं की गॅलरी राहत नाही आणि गॅलरी नसेल तर मोठ्याने वाचायचं कुणाला? म्हणून त्यांना होत्या तिथेच ठेवलं. काकू आता नाहीत. त्यांच्या मुलाला न दाखवता हे छापणं बरोबर दिसलं नसतं. त्याच्या वडिलांच्या वाट्याला काय आलं आणि माझ्या वडिलांच्या वाट्याला काय, हे त्या पानांत शेजारी शेजारी होतं. तो मात्र हे पहिल्यांदाच वाचणार होता.

नंबर शोधायला तीन आठवडे गेले. तो नालासोपाऱ्याला असतो, दादाच्या वर्गातला. मी पानं पाठवली आणि खाली लिहिलं, नको वाटलं तर नको म्हण, मी छापणार नाही. हे लिहिताना मी खरं बोलत होते का, मला माहीत नाही. चौदा महिन्यांचं काम होतं ते.

आठ दिवस काही नाही. निळ्या खुणा दिसत होत्या, वाचलं होतं. नवव्या दिवशी रात्री फोन आला. आधी आईची तब्येत विचारली, दादाचं दुकान कसं चाललंय विचारलं, बदलापूरला पाणी किती वाजता येतं तेही विचारलं. मी बाल्कनीत उभी होते आणि माझा हात रेलिंगवर घट्ट आवळलेला होता.

"बाकी ठीक आहे," तो म्हणाला. "छाप. एक चूक आहे फक्त. त्या दिवशी आमच्याकडे रेडिओ चालू होता असं लिहिलंयस. आमचा रेडिओ गणपतीच्या आधीच विकला होता. तुझ्या बाबांनीच गिऱ्हाईक आणून दिलं होतं."

मी आत येऊन लॅपटॉप उघडला आणि रेडिओ काढला.